उद्यापनाची यादी

—न्हाई न्हाई, तिथं नको बसू बाई, दारातून जिनिंगचा कापूस उडून यायलाय, तुझ्या लॅपटॉपमधी जाईल. हिकडं ये, देवघराच्या बाजूला. सतरंजी टाकलीय की. हां, अशी. पाठीला लोड घे. आता मघाशी दारात उभ्या-उभ्या सांगत होतीस ते — न्हाई, समजलं मला, न समजायला काय झालं, नववी झालीय माझी, सेलूच्याच शाळेत — तूच ऐक, मी सांगते, चुकलं तर टोक. आपल्या व्रत मंडळाची ही वेबसाइट दिसायला बारा पानांची, पण खरं बघितलं तर एकाच पानाची. बराबर? सोमवारचं पान, आरतीचं पान, उद्यापनाच्या यादीचं पान — सगळं अख्खंच्या अख्खं पहिल्या झटक्यातच मोबाईलमधी येऊन बसतं, अन् आपण बोट लावलं की नुसते पडदे सरकतात. अन् तू राखणदार बसवला होतास तो नुसता पुढच्या दारात. नाव सांगा, नंबर सांगा, मग आत जा. पण कुणी यादीचा पत्ता थेट टाकला, न्हाईतर मागं जायचा बाण दाबला, की राखणदार पुढं ताटकळत अन् माणूस परसदारानं आत! हस, हस. तुला हसू यायलंय. मी गेल्या सोमवारपासून मोबाईल कुणाच्या हातात दिला न्हाई, त्याचं काय?

अगं, पंधरावा सोमवार होता. पूजा आटोपली, मी यादी उघडून नावं-गोत्रं बघितली, बाहेर पडायचं बटन दाबलं — दाबलंच, देवाशपथ, मला सवय हाय — अन् मोबाईल मंडळातल्या सरजाबाईच्या हातात दिला, जरा धर म्हणून. त्या म्हातारीनं कुठं बोट लावलं कुणास ठाऊक, मागचा बाण लागला, अन् यादी! डोळ्याची पापणी लवेस्तोवरच, मग आलं ते ‘लॉगिन करा’, पण तेवढ्यात दिसली की गं. माझंच नाव वर, अध्यक्ष म्हणून. अन् नावाखाली संकल्प. बरं झालं, तिला मोतीबिंदू हाय. उन्हाळ्यात तिचं ऑपरेशन ठरलं होतं, लेकानं पुढं ढकललं, तवा मला वाईट वाटलं होतं तिच्यासाठी. आता वाटतं, महादेव काय उगाच कुणाचे डोळे झाकत न्हाई.

तुला वाटत असंल, काकू एवढं काय त्या यादीचं. तू पुण्यात राहून आलीस, तुला आमच्या रिती ठाव न्हाईत. सोळा सोमवार करायचे, सतराव्याला उद्यापन. त्या दिवशी गुरुजी एकेकीचा संकल्प मनातल्या मनात वाचतात अन् तिच्या हातावरून पाणी सोडतात. अन् संकल्प कसा पाहिजे? खरा. पोटातला. नावानिशी. उगं ‘सर्वांचं भलं होवो’ लिहून चालत न्हाई — देवाला काय चिठ्ठीत कोडं घालायचंय? जे पाहिजे ते, जसं पाहिजे तसं, ज्याच्यासाठी पाहिजे त्याचं नाव घालून. एक अक्षर खोटं लिहिलं की सोळाच्या सोळा पाण्यात. पहिलं हे सगळं सरजाबाईच्या वहीत असायचं. मागच्या साली ती वही हळदी-कुंकवाला राहिली सोप्यात, अन् बायांनी वाचली. केशरबाईनं लिहिलेलं, ‘जावेची म्हैस आटावी.’ आता हसायला काय झालं! तिच्या मनातलं तिनं लिहिलं, देवापुढं लिहिलं. पण जाऊ तिथंच बसलेली, हातात वाण घेऊन. झिंज्या धरायच्याच राहिल्या. अन् म्हैस आटली गं खरंच, पुढच्या महिन्यात. तवा मीच म्हणलं, वही बंद. कासाबाईची दिपाली हाय की, कम्प्युटरवाली, ती करून देईल. जिची तिला दिसंल, अन् सगळी यादी फक्त मला अन् गुरुजीला.

आता तू केलंस ते बराबर केलंस म्हण. दर पडद्याला एक राखणदार. पडदा सरकायच्या आधीच इचारणार, आत आहेस का बाहेर आहेस? उत्तर येईस्तोवर कोरं पान, नुसतं ‘थांबा’. आत नसंल तर थेट दारात नेऊन उभं करणार. अन् यादी मोबाईलमधी आधी येऊनच बसणार न्हाई, तिकडच्या कोठीतूनच, तू सर्व्हर म्हणतीस तिथूनच, कुणी देणार न्हाई ओळख पटल्याबिगर. खरी कडी तिथंच, हिकडचे नुसते पडदे — हां, असंच म्हणालीस. लय हुशार हायस माय. मी आदिनाथला म्हणते, पोरगी म्हणावी तर अशी. घरात बसून काम करती, आईला हातभार लावती, अन् बोलणं बघ कसं, ‘काकू, काळजी करू नका.’ आमच्या आदिनाथला लय कौतुक तुझं. जिनिंगवर सुपरवायझर हाय तो, सध्या सीझन हाय म्हणून अंधार पडेस्तोवर घरी येत न्हाई, न्हाईतर भेटला असता. स्वभावानं म्हणशील तर गाय. दारू न्हाई, पुडी न्हाई, आईच्या शब्दाबाहेर न्हाई. लग्नाचं काय ठरवलंस तू? सत्तावीस ना? बघ, आईनं सांगितलं मला. पिंगळीच्या देवळात भेटली होती, डोळ्याला पदर लावला बिचारीनं. मी म्हणलं, कासाबाई, रडू नको, माझा सोमवार चालू हाय.

बबिता! ए बबिता! चुरमा झाला का गं? तूप हात राखून टाकू नको. अन् दिपालीला चहा टाक, आलं घालून. — न्हाई, तिला काय त्रास, तिचं कामच हाय. मी तर दिवसभर निरंकार, संध्याकाळी पूजा झाली की चुरमा, तोबी तीन वाटे करून, एक देवाचा, एक बायांचा, एक माझा. गव्हाचं पीठ, तूप, गूळ. मीठ मात्र न्हाई हं. या व्रतात मिठाचा कण पोटात गेला की संपलं. मी सोमवारी मिठाची बरणी फडक्यात बांधून वरच्या फळीवर ठेवते, एवढं सोवळं. पण एक सांगते, चुरमा बबितानंच करावा. काय चव माय! मी एकदा स्वतः करून बघितला, मेला घशाखाली उतरंना. तिला इचारलं, काय घालतीस गं? तर म्हणती, काही न्हाई आत्या, भाजायला वेळ देते. हाताला गुण हाय तिच्या. पोटाला न्हाई, तेवढंच.

हळू कशाला बोलू? तिला ठाव हाय. आदिनाथशी लग्न होऊन पाच वर्सं झाली. चारठाण्याची हाय ती, एवढ्या देवळांच्या गावची, पण एकाबी देवानं तिच्या ओटीकडं बघितलं न्हाई. मी काय तिला छळते व्हय? इचार कुणालाबी. आवाज चढवला न्हाई कधी. आता गल्लीत डोहाळजेवण असलं, तर मीच तिला आधी सांगते, बाळा, तू मागं चुलीपाशीच बस, बायांची नजर वाईट असती, तुलाच लागायची. ओटी भरायला तिला पुढं करत न्हाई, पण तांदूळ-नारळ सगळं तिच्याच हातानं मांडून घेते, तेवढंच तिला समाधान. अन् श्रावणात मी तिला जवळ घेतलं अन् म्हणलं, मी सोळा सोमवार धरायलेय, तुझ्या ओटीसाठी धरायलेय, तूबी धर माझ्यासंगं. ढसाढसा रडली. पायावर डोकं ठेवलं. माझ्याबी डोळ्यात पाणी आलं बघ. कारण तिनं संगं धरले की फळ लवकर येतं, दोघींचं एकाच घरात पडतं.

खोटं? खोटं कसं? मी बोलले ते बोलले. लिहिलं न्हाई ना तसं. लिहिलेलं ते खरं.

तू टाईप कर बाई, थांबू नको. माझं असंच, तोंड चालू राहतं. परभणीला नेलं होतं की दोघांनाबी. मोठ्या डॉक्टरकडं. तपासण्या झाल्या. तिच्या सगळ्या नीट आल्या, अन् याच्या — म्हणजे — हे बघ, मशिनी काय चुकत न्हाईत? माणसानं केलेल्या मशिनी. कागद मीच ठेवलाय, त्या महादेवाच्या फोटोमागं, कुणाला दाखवला न्हाई. आदिनाथलाबी न्हाई. त्याला कशाला तकलीफ द्यायची. ते महादेव बघून घेईल, त्याच्यासाठीच तर हे सगळं. तू नको मनावर घेऊ, तुझ्याशी काय संबंध? अजून.

कुठं होते मी? हां, बबिताचं नाव. तिला यादीत शिरायचा पास होता. पहिल्या सोमवारी मीच द्यायला सांगितला होता, बी.कॉम. झालेली, टाईप येतं, म्हाताऱ्यांचे संकल्प तिनंच भरले. दुसऱ्या सोमवारी मला माझा भरायचा होता. तवाच तुला फोन केला ना, बबिताचं नाव काढ म्हणून? तिचे डोळे दुखतात म्हणलं होतं. डोळे कुठले दुखायला! पण मंडळाच्या यादीत तिचं काय काम आता? नाव काढलं म्हणजे बाहेर. मी तिला सांगितलंबी गोडीनं, तू आता त्यात जाऊ नको बाळा, तुझ्या डोळ्याला त्रास. ‘बरं आत्या.’ तिचं एवढंच असतं, बरं आत्या. मग मी रातभर — न्हाई, दुपारभर म्हण, उपाशीपोटीच बसले अन् एका बोटानं माझा संकल्प लिहिला. सतरा ओळी झाल्या. देवाशी बोलायला मला कुणाचं टाईप नको.

काय, झालं? एवढ्यात? वा गं वा. आता बघायचं कसं? — बाहेर असलेला मोबाईल पाहिजे? जो आधी आत होता अन् मग काढला असा? म्हणजे बबिताचाच की. बघ, महादेवच मांडणी करायलाय. बबिता! ए बबिता, तुझा मोबाईल आण गं! चहाबी आण. — अगं, लाजायचं काय त्यात, तुझा मोबाईल बघून दिपाली काय करणार हाय. दे तिला. हां. अन् ते चुरम्याचं ताट तिकडंच ठेवायचं होतं की, हातात कशाला घेऊन आलीस? बरं उभी राहा. बघ तूबी. दिपालीनं नवा राखणदार बसवलाय, आता कुणी परकं आत शिरायचं न्हाई. टाक दिपाली पत्ता, उद्यापनाच्या यादीचा. कोरं पान येईल बघ, थांबा म्हणंल, अन् मग दार.

टाकायची गरज न्हाई? कामून? — उघडलेलंच हाय? कुठं उघडलेलं हाय?

हे काय, हे — अगं हे तर सगळं दिसायलंय. आत्ताच तर तू कुलूप घातलंस ना? मग? काय म्हणतीस, नीट सांग, मला समजंल असं सांग. तिनं ते पान कधी बंदच केलं न्हाई. पहिल्या सोमवारपासून तसंच उघडं हाय. राखणदार आत येणाऱ्याला इचारतो, आधीचाच आत बसलेला असंल तर त्याला कोण इचारणार. बरं. मग नवी नावं कशी आली यात? माझा संकल्प तर दुसऱ्या सोमवारचा. — तू नुसतं नाव काढलंस. पास मागं घ्यायचा राहिला. बबिताचा जुना पास चालूच होता, अन् कोठीवाला तिला रोज ताजी यादी देत बसला. चौदा आठवडे. अन् तू मला म्हणत होतीस काळजी करू नका! हुशार म्हणे. दोन वर्सं पुण्यात काय भांडी घासलीस?

वाचू नको. दिपाली, ते वाचू नको, वर घे, वर सरकव — दे हिकडं. तुला म्हणलं होतं यादी वाचायची न्हाई म्हणून. तुझं नाव हाय म्हणून काय झालं? नाव घालावंच लागतं, सांगितलं ना मघाशी, नावानिशी पाहिजे. ‘कासाबाईची दिपाली माझी सून व्हावी,’ एवढंच तर हाय, यात वाईट काय लिहिलंय? लोकं नवस करतात अशा स्थळासाठी. अन् वरची ओळ — ‘बबितानं आपल्या पायांनी चारठाण्याला जावं अन् परत मागू नये’ — आपल्या पायांनी लिहिलंय, बघ, मी काय ती मरावी असं लिहिलं का? लिहितात बाया. मी न्हाई लिहिलं. तिचं वाईट नको होतं मला. अन् आदिनाथच्या कागदाचं लिहिलंय ते देवाला सांगितलंय, तुला न्हाई. रागानं बघू नको अशी. तुझ्या आईला ठाव हाय. — न्हाई, कागदाचं न्हाई. बाकीचं.

बबिता, तू आत जा. तुला वाचता येतं ते ठाव हाय मला, जा आत. कधी वाचलंस? बोल की. तिसऱ्या सोमवारी? सकाळीच? अन् तवापासून तोंडातून ब्र न्हाई काढला, बरं आत्या, बरं आत्या करत चुरमा भाजत राहिलीस? बघ दिपाली, बघ, अशी हाय ही, आतल्या गाठीची. दुसरी असती तर आदळआपट केली असती, बाप-भावाला बोलावलं असतं, गावभर केलं असतं. ही दर सोमवारी माझ्यासंगं उपाशी राहिली अन् माझ्या ताटात — थांब. कामून राहिलीस उपाशी, सगळं ठाव असून? कशासाठी?

काय म्हणलीस? चुरमा तुझ्याच हातात राहावा म्हणून? काय घालायला?

मोठ्यानं म्हण.

चिमूटभर. बरणी तर मी बांधून ठेवली होती. — पदराला? चुलीपाशी बसताना पदराच्या गाठीत. अन् पिठात मळताना. दर सोमवारी? तिसऱ्यापासून पंधराव्यापर्यंत? तेरा. तेरा सोमवार मी मीठ — अन् मी तुला म्हणायचे, काय चव हाय गं. बोटं चाटायचे मी. सरजाबाई, केशरबाई, बेचाळीस बायांना वाटला मी तो परसाद, त्यांचे सगळ्यांचे — तुला भीती न्हाई वाटली? माझं जाऊ दे, त्यांनी काय केलं होतं तुझं? — ओटी भरताना तुला मागं ठेवायच्या. बरं. सगळ्याजणी. बरं.

हसू नको. बबिता, हसू नको म्हणते ना. तुला वाटलं, मोडलं? माझं काय मोडत न्हाई. महादेव लय मोठा हाय, त्याचे सोमवार काय संपलेत? येत्या सोमवारी पुन्हा पहिला धरीन. माझा चुरमा मी भाजीन, उतरंल तसा उतरंल. सोळाचे सोळा. साठीला आले तरी — तू हाईसच की घरात. जातीस कुठं. त्या कागदावर तुझं सगळं नीट हाय हे माझ्या संकल्पात वाचूनबी गेली न्हाईस, जायचं असतं तर आजवर गेली असतीस. — तो कागदबी घेतलास? फोटोमागचा? न्हाई. तो हाय तिथंच. मी बघितलाय, मी रोज फोटो पुसते — रिकामंय. कुठं हाय बबिता? कुणाला दिला? आदिनाथला? कवा?

आज सकाळी. डब्यात.

तरीच मला न बोलता गेला. मला वाटलं, आईवेडं पोर हाय, आई उपाशी म्हणून बोलंना.

ताट खाली ठेव. ठेव म्हणते. काय? आजचा अळणी हाय? आजचा एवढा एक अळणी हाय, खावा आत्या, म्हणतीस? अन् तू बसलीस कुठं — खुर्चीवर बसलीस तू माझ्यापुढं?

दिपाली, तू अजून हिथंच? ते बंद कर अन् ऊठ. पास मागं घ्यायची गरज न्हाई आता, राहू दे. चहा राहिला तर राहू दे. गाडी चुकंल तुझी. आईला सांग — न्हाई, काही सांगू नको. जाय. अन् दार नुसतं लोट. कडी घालायची का न्हाई ते ही बघंल.